जमिनीवर इंजिन बिघडले तर: वैमानिक आणि केबिन क्रूने कोणत्या क्रमाने काय करावे

विमान जमिनीवर असताना इंजिनात बिघाड झाला की काय करायचे हे क्रूला ठाऊक असते, पण कशाच्या आधी काय, हे चुकते. दुसरे इंजिन चालू असतानाच दारे उघडली जातात, इंजिनाच्या मागच्या नळीतल्या साध्या जाळासाठी फायर बटण दाबले जाते, आग कोणत्या बाजूला आहे हे सांगताना डावे-उजवे उलटते, आणि विमान थांबल्यावर कॉकपिटमधून पहिला शब्द यायला इतका वेळ लागतो की तोवर प्रवासी स्वतःच उठून दाराकडे निघालेले असतात. प्रशिक्षणात हे सारे शिकवलेले असते. तरीही उजळणीच्या वर्गात आणि सिम्युलेटरमध्ये त्याच त्या जागी माणसे अडखळतात. त्या जागांवर हा लेख जास्त रेंगाळेल.

उदाहरणासाठी एअरबस ए३२० कुटुंबातील विमान घेतले आहे, कारण भारतातील देशांतर्गत मार्गांवर ते सर्वाधिक दिसते. बोइंग ७३७ मध्ये बटणांची नावे आणि यादीतील काही ओळी वेगळ्या असतील, तरी क्रमामागचे तर्कशास्त्र तेच आहे. आपल्या एअरलाइनची नियमपुस्तिका आणि विमानातील चेकलिस्ट यांचा शब्द अंतिम. हा लेख त्या यादीतील ओळी कोणत्या कारणाने त्या क्रमाने लिहिल्या आहेत हे समजण्यासाठी आहे.

## तयारी: दारे बंद होण्यापूर्वी

१. वैमानिकांनी टेकऑफच्या ब्रीफिंगमध्ये वाऱ्याचा उल्लेख फक्त धावपट्टीच्या निवडीपुरता करू नये. वारा डावीकडून आहे की उजवीकडून, आणि डाव्या इंजिनाला आग लागली तर ज्वाळा विमानाच्या अंगावर येतील की अंगापासून दूर जातील, हे एका वाक्यात बोलून ठेवावे. थांबल्यानंतर हा हिशेब करायला डोके मोकळे नसते.

२. "थांबा" हा निर्णय कोण उच्चारणार, थ्रस्ट लिव्हरवर (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांवर) हात कोणाचा, टॉवरशी कोण बोलणार आणि केबिनला कोण सांगणार, हे ठरलेले असले तरी त्या दिवशीच्या जोडीदाराबरोबर पुन्हा म्हणून घ्यावे. दोघे पहिल्यांदाच एकत्र उडत असतील तर हे टाळूच नये.

३. केबिन क्रूने जंपसीटवर (दाराजवळच्या घडीच्या आसनावर) बसल्यावर सायलेंट रिव्ह्यू मनातल्या मनात खरोखर करावा: माझे दार कोणते, ते आर्म केलेले आहे का (म्हणजे उघडताच उतरण्याची घसरगुंडी, स्लाइड, फुगेल अशा स्थितीत), माझ्या दारापासून इंजिन पुढे आहे की मागे, माझ्या शेजारी मदतीला घेता येईल असा प्रवासी कोण, आणि हे दार निकामी ठरले तर मी लोकांना कुठे वळवणार. "आर्म केले" एवढे आठवून थांबणे म्हणजे अर्धाच रिव्ह्यू.

४. इंटरफोनचा हँडसेट त्या विमानात कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी पाहून घ्यावे. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७६७ चे उजवे इंजिन टेकऑफच्या धावेत फुटले, तेव्हा केबिन क्रूला कॉकपिटशी संपर्क साधता आला नाही. हँडसेट वापरण्याची नवी रीत त्या क्षणी हाताशी आली नाही. एकाच ताफ्यात जुन्या आणि नव्या केबिनची विमाने असतात, म्हणून ही तपासणी रोज करायची असते.

तपासा: डावे आणि उजवे नेहमी विमानाच्या नाकाकडे तोंड करून ठरते. इंजिन १ डावे, इंजिन २ उजवे. पुढच्या जंपसीटवर बसणाऱ्याचे तोंड बहुधा शेपटीकडे असते, त्यामुळे त्याच्या डाव्या हाताला दिसणारी आग ही उजव्या इंजिनाची असते. नवशिक्यांचा गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो.

## टप्पा १: काय बिघडले आहे ते ओळखा

जमिनीवर चार गोष्टी एकमेकींसारख्या भासतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली म्हणजे फसलेला स्टार्ट. इंजिनाने पेट घेतला नाही, गती अर्ध्यावर अडकली किंवा एक्झॉस्टचे तापमान मर्यादेकडे वेगाने चढू लागले, तर तो या प्रकारात मोडतो. सीएफएम५६-५बी इंजिनासाठी स्टार्टच्या वेळची मर्यादा ७२५ अंश सेल्सिअस आहे, व्ही२५००-ए५ साठी ६३५. आकडा इंजिनागणिक बदलतो, म्हणून आपल्या विमानाचा पाठ हवा. ए३२० च्या स्वयंचलित स्टार्टमध्ये इंजिनाचा संगणक स्वतःच इंधन तोडतो आणि साचलेले इंधन बाहेर काढण्यासाठी इंजिन कोरडे फिरवतो. वैमानिकाने घाईने मास्टर स्विच (त्या इंजिनाचे इंधन चालू-बंद करणारा) बंद केला तर हे फिरवणे मध्येच तुटते, आणि आत राहिलेले इंधन पुढच्या बिघाडाची तयारी करून ठेवते. ईकॅमच्या (बिघाड आणि करायच्या कृती दाखवणाऱ्या) पडद्यावर काय लिहून आले आहे ते वाचावे, मगच हात पुढे करावा. स्टार्ट हाताने केलेला असेल तर मात्र हे संरक्षण पूर्ण मिळत नाही आणि इंधन तोडण्याची जबाबदारी वैमानिकाची असते.

दुसरी गोष्ट टेलपाइपमधील आग. स्टार्टच्या किंवा इंजिन बंद करण्याच्या वेळी जास्तीचे इंधन टर्बाइनमध्ये साचून पेटते आणि मागच्या नळीतून ज्वाळा बाहेर पडतात. दिसायला हे भयंकर असते, पण चुलीतला जाळ चुलीतच आहे, फक्त वाढला आहे, असा हा प्रकार आहे. कॉकपिटमध्ये बहुधा फायर वॉर्निंग येत नाही, कारण आग ओळखणारे सेन्सर इंजिनाच्या बाहेरच्या आवरणात असतात, ज्वाळांच्या मार्गात नसतात. बातमी येते ती जमिनीवरून हेडसेटवर बोलणाऱ्या इंजिनिअरकडून, टॉवरकडून, शेजारच्या विमानाकडून किंवा केबिनमधून.

तिसरी म्हणजे खरी इंजिन फायर: आवरणाच्या आत, ज्वलनकक्षाच्या बाहेर, इंधन किंवा तेल गळून लागलेली. घंटा वाजते, फायर बटण लाल पेटते, ईकॅमवर यादी उमटते.

चौथी गोष्ट फुटलेले इंजिन. मोठा धमाका होतो, विमान एका बाजूला ओढ घेते, कधी पंख किंवा इंधनाची टाकीही भेदली जाते. धमाक्याला टायर फुटल्याचा आवाज समजण्याची चूक अनुभवी वैमानिकांकडूनही झाली आहे.

इशारा: कॉकपिटमध्ये वॉर्निंग नाही म्हणून बाहेरून आलेली बातमी खोटी धरू नये. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मस्कतहून कोचीला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७ च्या इंजिनातून धूर निघत असल्याचे दुसऱ्या विमानाने कळवले. कॉकपिटमध्ये फायर वॉर्निंग आलेली नव्हती. क्रूने विमान थांबवले, चेकलिस्ट पूर्ण केली आणि प्रवाशांना स्लाइडवरून उतरवले. काहींना किरकोळ दुखापती झाल्या, पण सगळे वाचले.

## टप्पा २: आधी थांबा, मग हात लावा

विमान चालत असताना चेकलिस्ट सुरू करू नये. हा नियम सर्वांना पाठ असतो आणि तरीही मोडला जातो, कारण घंटा वाजत असताना काही न करता बसणे माणसाला जमत नाही.

१. पुशबॅक (टग या गाडीने विमान मागे ढकलणे) चालू असेल तर हेडसेटवरच्या व्यक्तीला "पुशबॅक थांबवा" असे स्पष्ट सांगावे आणि तिच्याकडून पार्किंग ब्रेक लावण्याची सूचना आल्यावरच ब्रेक लावावा. टग ढकलत असताना ब्रेक लावला तर टो-बार तुटतो आणि जवळ उभी माणसे जखमी होतात.

२. टॅक्सी करत (जमिनीवर विमान हळू चालवत) असाल तर जिथे आहात तिथेच थांबावे, पार्किंग ब्रेक लावावा. बेवर (विमान उभे करण्याच्या जागी) परत जाण्याचा मोह टाळावा. बेवर इंधनाचे टँकर, इतर विमाने आणि माणसे असतात.

३. टेकऑफच्या धावेत असाल तर निर्णय कॅप्टनचा. व्ही-वन (ज्यानंतर टेकऑफ सोडून थांबायचे नसते) या वेगाच्या आत फायर वॉर्निंग, इंजिन निकामी होणे किंवा विमान उडू शकणार नाही अशी खात्री, यांसाठी थांबायचे. १०० नॉट्सनंतर किरकोळ कारणासाठी थांबायचे नाही. निर्णय झाला की "स्टॉप" हा शब्द, थ्रस्ट लिव्हर मागे, पूर्ण रिव्हर्स (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणे). सहवैमानिकाने या वेळी वेग खरोखर कमी होतो आहे का आणि रिव्हर्स उघडले का हे पाहावे, मोठ्याने सांगावे, घंटा बंद करावी आणि टॉवरला कळवावे. फायर बटणाकडे अजून कोणीही हात नेऊ नये.

४. थांबायचे ते धावपट्टीवरच. धावपट्टी मोकळी करून देण्याची रोजची सवय इथे घात करते. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७ चे डावे इंजिन टेकऑफच्या धावेत फुटले आणि त्याने पंखातील इंधनाची टाकी भेदली. वैमानिकांना टायर फुटल्यासारखे वाटले, म्हणून विमान धावपट्टीवरून वळवून टॅक्सीवेवर नेले गेले, आणि थांबताना ते अशा अंगाने उभे राहिले की हलका वाराही ज्वाळा मागच्या भागावर नेऊ लागला. १३७ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले, त्यांतील बहुतेक धुराने. तेव्हापासून प्रशिक्षणात दोन गोष्टी ठासून सांगतात: रस्ता सोडू नका, आणि शक्य असेल तर थांबतानाच नाक असे ठेवा की आग विमानाच्या अंगापासून दूर वाहील. ही दुसरी गोष्ट म्हणजे शेवटच्या काही मीटरमधील थोडेसे वळण. त्यासाठी थांबायला उशीर करायचा नाही.

तपासा: विमान पूर्ण उभे आहे, पार्किंग ब्रेक लागला आहे आणि ब्रेकचा दाब दिसतो आहे. हे तीन झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा ३: केबिनला पहिला शब्द

विमान थांबल्यानंतर काही सेकंदांतच केबिनमध्ये आवाज पोहोचला पाहिजे. एअरबसच्या पद्धतीत "अटेन्शन क्रू, ॲट स्टेशन्स" अशी घोषणा होते. काही एअरलाइन्सचे शब्द वेगळे आहेत. त्याचा अर्थ क्रूने दाराशी उभे राहावे, बाहेर पाहावे आणि पुढच्या आदेशाची वाट पाहावी. दारे उघडावीत असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा टप्पा हाच आहे. खिडकीतून ज्वाळा दिसत आहेत, विमान थांबले आहे आणि कोणीच काही बोलत नाही, अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या रांगेतला एखादा माणूस उठतो, त्याच्या मागून दहा उठतात, आणि मग केबिन क्रूला दार सांभाळायचे की माणसे, असा पेच पडतो. प्रवाशांसाठीही एक ओळ पुरते: "कृपया जागेवरच बसून राहा." कोल्हापूर, नाशिक, नांदेड अशा ठिकाणांच्या विमानांत इंग्रजी-हिंदी घोषणा ऐकूनही गोंधळलेले वयस्कर प्रवासी असतात, त्यांच्यासाठी ठरलेल्या आज्ञा देऊन झाल्यावर क्रूपैकी मराठी येणाऱ्याने "बसून राहा, आम्ही सांगू तेव्हाच उठा" एवढे आपल्या भाषेत म्हटले तर रांग शांत राहते. ठरलेल्या आज्ञेच्या जागी मात्र ते म्हणू नये.

केबिनकडून कॉकपिटला माहिती देताना क्रम असा ठेवावा: मी कोण, कोणत्या दाराशी, कोणती बाजू, काय दिसते. उदाहरणार्थ: "मागचे डावे दार. डाव्या इंजिनाच्या आवरणाच्या खालून ज्वाळा, काळा धूर, मागच्या खिडक्यांपर्यंत येतो आहे." ज्वाळा मागच्या नळीतून निघत आहेत की आवरणातून, हा तपशील वैमानिकाला सोन्याच्या मोलाचा असतो, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो. "इंजिनला आग लागली आहे" एवढेच सांगणे अपुरे.

८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमधील केगवर्थजवळ कोसळलेल्या विमानात बिघाड डाव्या इंजिनात होता, वैमानिकांनी उजवे बंद केले आणि तसे प्रवाशांना सांगितलेही. डावीकडे ठिणग्या पाहिलेल्यांपैकी कोणाचीही विसंगती कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही. ४७ जण दगावले. तो बिघाड हवेतला होता, पण कॅप्टनच्या घोषणेतली बाजू आणि आपल्या डोळ्यांना दिसणारी बाजू जुळत नसेल तर इंटरफोन उचलायचा, हा धडा जमिनीवरही तसाच लागू आहे.

## टप्पा ४अ: आग टेलपाइपमध्ये असेल

१. फायर बटण दाबू नये. ए३२० मध्ये ते दाबले की त्या इंजिनाचे इंधन आणि हायड्रॉलिक पुरवठा तुटतो, ब्लीडची (इंजिनातून घेतलेल्या दाबाच्या हवेची) झडप बंद होते आणि इंजिनाच्या संगणकाची वीजही जाते. वीज गेली की इंजिन कोरडे फिरवता येत नाही, आणि टेलपाइपमधील आग विझवण्याचा खरा उपाय नेमका तोच आहे. शिवाय त्या बटणाशी जोडलेल्या बाटल्यांतील विझवणारे द्रव्य आवरणात सुटते, ज्वाळा असलेल्या नळीत पोहोचत नाही.

२. हाताने स्टार्ट चालू असेल तर त्याचे बटण बंद करावे, मग त्या इंजिनाचा मास्टर स्विच बंद करावा. इंधन थांबले.

३. फिरवण्यासाठी हवा कुठून येणार ते पाहावे. एपीयू (शेपटीतले छोटे सहायक इंजिन) चालू असेल तर त्याचे ब्लीड, नसेल तर दुसरे चालू इंजिन किंवा जमिनीवरचे हवेचे यंत्र. बेवर येऊन इंजिने बंद केल्यावर अशी आग दिसली आणि एपीयू बंद असेल, तर इथेच वेळ जातो. म्हणून एपीयू कधी बंद करायचा याचा विचार इंजिने थंड होईपर्यंत लांबवणे शहाणपणाचे.

४. लाल बीकन चालू ठेवावा आणि हेडसेटवर सांगावे की इंजिन फिरवणार आहोत, इंजिनाजवळून सगळे बाजूला करा. उत्तर "क्लिअर" असे येईपर्यंत थांबावे. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर पुशबॅकच्या वेळी एक तंत्रज्ञ चालू इंजिनात खेचला जाऊन मरण पावला. गोंधळाच्या क्षणी इंजिनाच्या तोंडाशी कोण उभे आहे हे कॉकपिटमधून दिसत नाही. ते फक्त हेडसेटवरच्या माणसाला दिसते.

५. मोड सिलेक्टर क्रँकवर (इंजिन पेटवल्याशिवाय फिरवण्याच्या स्थितीवर), मॅन्युअल स्टार्टचे बटण चालू. हवा आतून वाहू लागते, उरलेले इंधन बाहेर फेकले जाते आणि ज्वाळा मरतात. एक्झॉस्टचे तापमान उतरते का आणि बाहेरून "आता दिसत नाही" असा निरोप येतो का, दोन्ही पाहावे.

६. आग गेली की मॅन्युअल स्टार्ट बंद, मोड सिलेक्टर पुन्हा नॉर्मलवर.

इशारा: जमिनीवरच्या कर्मचाऱ्याने बाहेरून पावडर किंवा इतर द्रव्य मारणे हा अगदी शेवटचा उपाय. त्याने इंजिनाच्या आतील भागांचे मोठे नुकसान होते. मारावेच लागले तर कोणते द्रव्य आणि किती वेळ, हे टेक्निकल लॉगमध्ये लिहिलेच पाहिजे.

या प्रकारात सहसा स्लाइडवरून उतरवण्याची गरज पडत नाही. केबिनला मात्र दर थोड्या वेळाने सांगत राहावे, कारण खिडकीशी बसलेल्याला चूल आणि घर यांतला फरक कळण्याचे कारण नाही.

## टप्पा ४ब: खरी इंजिन फायर असेल

ईकॅमवरची यादी एकाने वाचावी, दुसऱ्याने करावी, आणि परत न घेता येणारी प्रत्येक कृती दोघांनी खात्री करूनच करावी.

१. थ्रस्ट लिव्हर आयडलवर आहेत, ब्रेक लागला आहे, हे पुन्हा पाहावे. टॉवरला "मेडे", जागा, आणि अग्निशमन दलाची मागणी. सोबत विमानातील माणसांची संख्या आणि इंधन किती, हे सांगता आले तर बचाव करणाऱ्यांना फार मदत होते.

२. ज्या इंजिनाला आग आहे त्याच्या मास्टर स्विचवर हात ठेवून "इंजिन दोन मास्टर" असे म्हणावे, दुसऱ्याने पाहून "कन्फर्म" म्हणावे, मग बंद करावा.

३. त्याच इंजिनाचे फायर बटण, तीच पद्धत, मग दाबावे.

४. एजंट १ आणि एजंट २, दोन्ही बाटल्या सोडाव्यात. हवेत पहिली सोडण्याआधी दहा सेकंद आणि दुसरीच्या आधी तीस सेकंद थांबायचे असते. जमिनीवरच्या यादीत ही वाट पाहणे नाही. सिम्युलेटरमध्ये हवेतल्या आगीचा सराव जास्त होत असल्याने पुष्कळजण इथे घड्याळाकडे पाहत बसतात. प्रत्येक बाटली रिकामी झाली की तिचा पिवळसर डिस्चार्ज दिवा लागतो; तो लागला का ते पाहावे.

तपासा: फायर बटणातील लाल दिवा विझला म्हणजे आग विझली, असे गृहीत धरू नये. सेन्सरच जळून गेले असतील, किंवा आग आवरणाबाहेर सांडलेल्या इंधनाला लागलेली असेल. अग्निशमन दल आणि केबिन क्रू यांच्या डोळ्यांना विचारावे.

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अग्निशमन दलाने धावपट्टीच्या कोणत्याही भागात तीन मिनिटांच्या आत पोहोचावे अशी अपेक्षा असते, दोन मिनिटांत पोहोचणे उत्तम. दुसरीकडे, प्रवासी विमानाच्या प्रमाणीकरणात अर्ध्याच दारांतून सर्वांना नव्वद सेकंदांत बाहेर काढून दाखवावे लागते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लक्षात येते की पहिला निर्णय बहुधा मदत येण्याआधीच घ्यावा लागणार आहे.

## टप्पा ५: उतरवायचे की नाही

बाटल्या सोडूनही आग चालू असेल, ज्वाळा विमानाच्या अंगाला लागल्या असतील, केबिनमध्ये धूर शिरत असेल किंवा इंधन सांडून खाली पसरले असेल, तर उतरवणे. आग विझल्याची बाहेरून खात्री झाली असेल, केबिन स्वच्छ असेल आणि अग्निशमन दल शेजारी उभे असेल, तर शिडी मागवून शांतपणे उतरवणे अधिक सुरक्षित. स्लाइडवरून उतरताना घोटे मुरगळतात, मनगटे मोडतात. वयस्कर आणि गर्भवती प्रवाशांना धोका जास्त. हा खर्च मोजूनच निर्णय घ्यावा, पण धूर आत येऊ लागल्यावर तो मोजत बसू नये.

निर्णय "नाही" असेल तर तोही लगेच बोलून दाखवावा. क्रू दाराशी हात ठेवून उभा असतो आणि शांतता लांबली की तिचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या परीने लावतो.

## टप्पा ६: सर्व इंजिने बंद, मगच आदेश

इमर्जन्सी इव्हॅक्युएशनच्या यादीत "दोन्ही मास्टर बंद" ही ओळ "उतरवणे सुरू करा" याच्या आधी असते. फायर बटणे, एपीयूचेही धरून, दाबली जातात, आणि मगच आदेश. केबिनचा दाब हाताने नियंत्रित केला असेल तर तो शून्य झाला का, हेही आधीच पाहायचे असते, अन्यथा दार उघडत नाही.

८ सप्टेंबर २०१५ रोजी लास व्हेगासला ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ चे डावे इंजिन टेकऑफच्या धावेत फुटून पेटले. कॅप्टनने विमान तत्परतेने थांबवले, पण उतरवण्याचा आदेश दिल्यानंतरही उजवे, धडधाकट इंजिन काही काळ चालूच होते; तिसऱ्या वैमानिकाच्या ते लक्षात आले. तोवर त्या बाजूच्या स्लाइड इंजिनाच्या झोताने उडवल्या होत्या. पुढच्याच वर्षी शिकागोला केबिन क्रूने कॉकपिटच्या आदेशाआधी उतरवणे सुरू केले, डावे इंजिन चालू होते, आणि पंखावरून उतरलेल्या एका प्रवाशाला त्या झोताने खाली पाडून गंभीर दुखापत केली. दोन्ही वेळा लक्ष जळत्या इंजिनावर होते आणि इजा चांगल्या इंजिनाने केली. म्हणून आदेश देण्याआधी पडद्यावर दोन्ही इंजिनांचे आकडे उतरताना दिसलेच पाहिजेत, अशी स्वतःला सवय लावावी.

आदेशात बाजू सांगता येत असेल तर सांगावी, पण त्यासाठी आदेश अडवू नये. दार वापरण्याजोगे आहे की नाही हे अखेर दाराशी उभा असलेलाच ठरवतो.

## टप्पा ७: दार

१. खिडकीतून बाहेर पाहा: आग, धूर, सांडलेले इंधन, अडथळा, आणि इंजिन फिरते आहे का. खाली वाकून जमिनीकडेही पाहा, कारण पंखाखाली पसरलेली आग सरळ नजरेला दिसत नाही.

२. बाहेर धोका असेल तर दार उघडू नका. पाठ दाराला लावून, हात आडवे करून प्रवाशांना दुसरीकडे वळवा. आग असलेल्या बाजूचे पंखावरचे निर्गम बहुधा निकामी. मागचे त्याच बाजूचे दार वाऱ्यावर अवलंबून. आता ठीक दिसणारे दार अर्ध्या मिनिटाने निकामी होऊ शकते, म्हणून माणसे उतरत असतानाही मधूनमधून बाहेर पाहत राहा.

३. दार आर्म आहे याची खात्री करा, एका हाताने आधाराची मूठ घट्ट धरा, मग हँडल पूर्ण वर. दार आपोआप ढकलले जाते आणि स्लाइड फुगू लागते. फुगण्याची वाट न पाहता लाल मॅन्युअल हँडलही ओढा. स्लाइड पूर्ण फुगून जमिनीला टेकेपर्यंत पहिल्या प्रवाशाला शरीराने अडवून धरा.

४. आज्ञा लहान आणि मोठ्या आवाजात: पट्टा सोडा, सामान सोडा, इकडे या, उडी मारा. बॅग हातात घेऊन आलेल्याशी वाद घालू नका. बॅग हातातून घेऊन मागे, रिकाम्या जागेत टाका आणि त्याला पुढे ढकला. दारात बॅगा साचू देणे ही पुढच्या वीस माणसांची अडवणूक ठरते.

केबिन क्रूने स्वतःहून उतरवणे सुरू करण्याची मुभा असते, पण ती आग आत शिरली, विमान मोडले किंवा कॉकपिटकडून काहीच उत्तर येत नाही अशा उघड प्रसंगांपुरती. तेव्हाही आपल्या बाजूचे इंजिन फिरताना दिसत असेल तर ते दार वापरू नये.

## टप्पा ८: बाहेर आणि त्यानंतर

प्रवाशांना वारा जिकडून येतो त्या दिशेला, विमानापासून दूर, एका घोळक्यात न्यावे. धावपट्टीवरून अग्निशमनाच्या गाड्या येत असतात, त्यांच्या मार्गात कोणी राहता कामा नये. शेवटी बाहेर पडणाऱ्याने केबिन पाहून यायचे, पण धुरात परत शिरायचे नाही. मोजणी बाहेर झाली की आकडा लगेच अग्निशमन प्रमुखाला द्यावा. तो आकडा नसेल तर त्यांची माणसे रिकाम्या केबिनमध्ये जीव धोक्यात घालून शोधत राहतात.

आग नव्हती आणि स्टार्टच फसला होता, अशा वेळीही इंजिनिअरच्या तपासणीशिवाय पुन्हा स्टार्ट करू नये. तपासणीनंतरही यादी जितक्या प्रयत्नांना परवानगी देते तितकेच, आणि मधली विश्रांती पूर्ण. टेलपाइपची आग विझली म्हणून त्याच इंजिनावर निघून जाण्याचा विचार मनातही आणू नये. टेक्निकल लॉगमध्ये तापमानाचा कमाल आकडा, कालावधी, सोडलेल्या बाटल्या आणि दाबलेली बटणे जशीच्या तशी लिहावीत.

कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर जपणे ही सर्वांत विसरली जाणारी पायरी आहे. ए३२० मध्ये शेवटचे इंजिन बंद झाल्यानंतर पाच मिनिटांनी तो आपोआप थांबतो, पण विमानाला पुन्हा वीज दिली की तो पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि जुने ध्वनिमुद्रण पुसले जाऊ लागते. म्हणून त्याचा सर्किट ब्रेकर ओढायला इंजिनिअरला सांगावे, तसे लॉगमध्ये नोंदवावे आणि घटना एअरलाइनमार्फत डीजीसीएला (भारतातील नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाला) कळवली जाईल याची खात्री करावी. क्रूपैकी प्रत्येकाने आपला जबाब इतरांशी चर्चा करण्याआधी, स्वतंत्रपणे लिहावा: आपण काय पाहिले, काय ऐकले, कोणत्या दाराशी होतो आणि दार उघडले तेव्हा इंजिन फिरत होते की थांबले होते.